चौथं देणं

माणसानं अंथरूण पाहून पाय पसरावेत, असं सगळेच सांगतात. कवळीकाकांनी आयुष्यभर आधी पाय पसरले आणि मग अंथरूण हप्त्यानं आणलं.

काका दातांच्या लॅबमध्ये कामाला होते. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप घेऊन पाठवतात, त्यावरून प्लास्टरचे साचे होतात, आणि त्या साच्यांवर मेण लावून, एकेक दात बसवून, गुलाबी हिरड्या घडवून कवळी तयार होते. तीस वर्षं हेच काम केल्यामुळे गल्लीतले लहानथोर त्यांना कवळीकाकाच म्हणत. बोटांत कसब असं की त्यांच्या हातचा दात शेजारच्या खऱ्या दातालाही ओळखू येऊ नये. फक्त पैसा त्या बोटांत टिकत नसे.

चौघं मिळून कुठे खायला गेले, की बिलावर पहिला हात काकांचा. घरात तीन हातबॅटऱ्या होत्या, दोन मिक्सर होते आणि पाय चोळून देणारं एक यंत्र होतं, ज्यावर आता इस्त्रीचे कपडे ठेवले जात. दारू नाही, जुगार नाही, कसलं व्यसन नाही. दुकानदार नुसतं ‘साहेब, खास तुमच्यासाठी’ म्हणाला की काका विरघळत, एवढंच. पगार संपला की कार्ड, कार्ड तुंबलं की बँकेचं कर्ज, त्याचा हप्ता थकला की दुसरं कार्ड. याची टोपी त्याला आणि त्याची टोपी याला. बाहेरून पाहणाऱ्याला वाटे, काय थाट आहे! बडा घर, पोकळ वासा.

एका शनिवारी मोठ्या दुकानात तो वासा वाजला. काका आणि काकू सामानाची गाडी भरून काउंटरला उभे होते, मागे सात-आठ माणसांची रांग. पहिलं कार्ड चाललं नाही. दुसरंही चाललं नाही. काउंटरवरची मुलगी हळू आवाजात म्हणाली, “काही काढून ठेवायचंय का?” काकूंनी पर्स उघडली, होती ती रोख मोजली आणि एकेक वस्तू बाजूला काढायला लागल्या. चीज गेलं, साबणाचा मोठा पुडा गेला, काकांनी घेतलेला बिनतारी स्पीकर तर पहिल्या झटक्यात गेला. शेवटी दूध, पाव, अंडी आणि एक बल्ब उरला. मागचा म्हातारा फार सभ्य होता, तो सगळा वेळ छताकडे बघत उभा राहिला.

काकू औषधांच्या दुकानात कामाला. दिवसभर दुसऱ्यांच्या गोळ्या मोजून देणारी बाई. आपल्या घराचं दुखणं तिनं मोजलं नव्हतं, इतकंच. घरी आल्यावर काकूंनी आदळआपट केली नाही. स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला एक कोरा कागद चिकटवला.

“कुणाकुणाचं किती देणं आहे ते लिहा,” त्या म्हणाल्या. “सगळं. झाकली मूठ सव्वा लाखाची असते म्हणतात, आपली उघडली तर तेवढं देणंच निघेल.”

काकांनी तीन ओळी लिहिल्या: दोन कार्डं आणि बँकेचं कर्ज. चौथ्या ओळीसाठी पेन कागदावर टेकवलं. मग त्यांनी पेनाला टोपण लावलं.

खरं तर तिथेच त्यांचा कान धरायला हवा होता. कारण चौथी ओळ होती. अडीच वर्षांपूर्वी त्यांनी थोरल्या बहिणीकडून मोठी रक्कम घेतली होती. ताई सार्वजनिक पोहण्याच्या तलावावर तिकीट खिडकीत बसायची. निवृत्त झाल्यावर हातात आलेल्या पैशातून तिनं ते दिले होते. “पोरीची फी भरायचीय,” असं काकांनी सांगितलं होतं. परगावी शिकणाऱ्या मुलीची फी कधीच भरून झाली होती. पैसे गेले कार्डाच्या घशात. काकूंना यातलं अवाक्षर माहीत नव्हतं.

कार्डवाल्यांचे दिवसातून तीन फोन येत, बँकेची पत्रं येत. ताईचा फोन मात्र कधी पैशासाठी आला नाही. आणि ती मागत नाही म्हणून काकांना तिच्यापुढे जाणं जड होत गेलं. आधी महिन्यातून दोनदा जायचे, मग वाढदिवसाला, मग तेही नाही. गेली दोन वर्षं दोघं एकाच शहरात राहून फोनवर हवापाण्याच्या गप्पा मारत होती. ताई एकटी राहायची. आईनंतर काकांना ‘जेवलास का?’ असं विचारणारं दुसरं माणूस जगात नव्हतं, आणि ते माणूस आपण गमावतोय हे काकांना पुरतं कळत होतं. कळत होतं, पण वळत नव्हतं.

काकूंनी घरात एकच नियम केला. पाव-दूध-भाजी आणि बसचं तिकीट सोडून जे काही घ्यायचं, ते आधी दुसऱ्याला समोर उभं राहून तोंडानं सांगायचं. फोनवर नाही, चिठ्ठी लिहून नाही. दुसऱ्यानं हो-नाही काही म्हणायचं नाही, फक्त ऐकायचं.

काकांना वाटलं, हे तर सोपं आहे. आठच दिवसांत ते काकूंसमोर उभे राहिले. “मी एक हातबॅटरी घेतोय.”

काकू भांडी पुसत होत्या. “बरं.”

“हिला मागे लोहचुंबक आहे. कुठेही चिकटते.”

“बरं.”

“म्हणजे... लोखंडाला चिकटते.”

काकूंनी भांडं जागेवर ठेवलं. काका खुर्चीवर बसले आणि बॅटरी दुकानातच राहिली. काकूही काही धुतल्या तांदळासारख्या नव्हत्या. महिन्याभरानं त्या म्हणाल्या, “मी सहा कप घेतेय,” आणि कपाटातल्या बावीस कपांकडे नजर जाऊन स्वतःच खो-खो हसत सुटल्या.

असे महिने गेले. काका डबा न्यायला लागले, बिलावर झडप घालणारा हात आखडता घ्यायला शिकले. पहिल्यांदा तसं केलं तेव्हा हात मांडीखाली दाबून बसावं लागलं. लॅबमधला सोबती चिडवायचा, “काका, दात कोरून कधी पोट भरतं का?” काका म्हणायचे, “पोट नाही भरत, पण कार्ड भरतंय.” आठव्या महिन्यात पहिलं कार्ड फिटलं, अकराव्यात दुसरं. काकूंनी कागदावरच्या ओळी पट्टी धरून खोडल्या. काका त्या कागदासमोरून जाताना छाती काढून जात, आणि छातीच्या आत चौथी ओळ टोचत राही.

अशात एका मंगळवारी लॅबमध्ये नवीन दवाखान्याची पेटी आली. एरवी त्या दवाखान्याचं काम दुसऱ्या लॅबकडे जायचं. तिथलं यंत्र बिघडलं म्हणून या आठवड्यात इकडे वळवलं होतं. साच्यांसोबत पेशंटचं नाव नसतं, नुसता नंबर. कागदावर लिहिलं होतं: स्त्री, वय बासष्ट. वरचे समोरचे दोन दात. सगळ्यात स्वस्त प्रत. दाढा पुढे, पेशंटला जमेल तेव्हा.

काकांनी वरचा साचा हातात घेतला. टाळूच्या मधोमध चिंचोक्याएवढा उंचवटा होता. असा उंचवटा काही फार दुर्मीळ नाही. आईच्या टाळूला होता, काकांच्याही आहे. त्यांची जीभ आपोआप स्वतःच्या टाळूला लागली. मग त्यांनी खालचा साचा उचलला. समोरच्या एका दाताचा कोपरा तिरका तुटलेला होता.

तो दात त्यांनीच तोडला होता. सात वर्षांचे असताना पाण्यानं भरलेली पत्र्याची बादली गरागरा फिरवून ‘बघ, पाणी सांडत नाही’ असं ते ताईला दाखवत होते. पाणी खरंच सांडलं नाही, बादली मात्र ताईच्या तोंडावर बसली. घरी ताईनं सांगितलं, मी जिन्यावरून पडले.

काकांनी वरचा साचा पुन्हा दिव्याखाली धरला. वर दोन्ही बाजूंना एकही दाढ शिल्लक नव्हती. हिरड्यांची झीज बघून त्यांच्या अनुभवी डोळ्यांना कळलं, की हे वर्ष-दीड वर्षाचं आहे. म्हणजे वर्ष-दीड वर्ष ताई नीट चावू शकत नव्हती. भाऊ दात करणारा, आणि बहिणीनं त्याला कळू न देता परक्या दवाखान्यात स्वस्तातले दोन दात सांगितले होते. तेही समोरचे, लोकांना दिसणारे. चावायचे दात, जमेल तेव्हा. काकांनी तोंडावरचा मास्क वर ओढला आणि पाणी प्यायचं निमित्त काढून उठले.

संध्याकाळी काकू घरी आल्या तेव्हा ते स्वयंपाकघरात उभेच होते.

“मला काही घ्यायचंय,” ते म्हणाले. “दात. वरचे समोरचे दोन आणि सगळ्या दाढा, उत्तम प्रतीच्या. माझ्या पगारातून कापून.”

“बरं,” काकू नियमाप्रमाणे म्हणाल्या. मग त्यांनी काकांच्या तोंडाकडे पाहिलं. “कुणासाठी?”

“ताईसाठी.” आणि मग फीपासून साच्यापर्यंत सगळं बाहेर आलं.

काकू खुर्चीवर बसल्या. “अकरा महिने मी चपलेला चिकटपट्टी लावून काउंटरला उभी राहतेय. कशासाठी, तर यादी संपावी म्हणून. आणि तुमची यादीच खोटी?”

चूक कबूल केल्यावर हलकं वाटतं म्हणतात; काकांना फक्त लाज वाटत होती. काकू उठल्या आणि त्यांनी कागदावर चौथी ओळ स्वतःच्या हातानं लिहिली. रक्कम विचारली, तीही लिहिली. मग त्या ओळीपुढे एकचा आकडा घातला.

“आणि बँक?” काकांनी विचारलं.

“बँकेला ठरलेला हप्ता जाईल, त्यावर एक पैसा जास्त नाही. बँकेचे दात शाबूत आहेत.”

“मग ताईचे दात तरी...”

“नाही. तुम्ही दात द्याल, त्या गप्प बसतील, आणि तुम्ही मनातल्या मनात फिट्टंफाट करून मोकळे व्हाल. ओळखते मी तुम्हाला. आधी पैसे त्यांच्या हातात. त्यांचे दात करायचे की छप्पर दुरुस्त करायचं, ते त्या ठरवतील. आणि मी येणार नाही. एकटे जा.”

काकांनी कागदावर लिहिलं होतं तेवढंच काम केलं. समोरचे दोन दात, स्वस्त प्रतीचे. पण स्वस्त दातालाही रंगाची छटा देता येते, कड घासून शेजारच्या दातांशी मिळवता येते. त्याला फक्त वेळ लागतो. तीन दिवस जेवणाची सुट्टी त्यांनी त्या दोन दातांना दिली.

पगार झाल्यावरच्या रविवारी ते बसनं ताईकडे गेले. ताईनं दार उघडलं, त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग म्हणाली, “किती वाळलास रे! जेवलास का?” नवे दोन दात तिच्या ओठांआड नीट बसले होते.

काका चपला न काढताच बोलून गेले. “ताई, ते पैसे मी फीसाठी घेतले नव्हते. कार्डाची देणी होती. मी तुझ्याशी खोटं बोललो.”

“माहितीये,” ताई म्हणाली. “पोरीनं फी भरल्याचं तू मागायच्या आठवडाभर आधीच मला फोनवर सांगितलं होतं.”

“मग दिलेस कशाला?”

“तू मागितलेस म्हणून.” ती टेबलाजवळ बसली. “चपला काढ आधी.”

काकांनी चपला काढल्या आणि पहिल्या हप्त्याचं पाकीट टेबलावर ठेवलं. ताईनं ‘राहू दे, कशाला’ वगैरे केलं नाही. पैसे काढून दोनदा मोजले आणि डब्यात ठेवले. काकांना त्याचं फार बरं वाटलं.

“हे दात मी केलेत,” ते म्हणाले.

ताईचं बोट दातांवर गेलं. “तू? डॉक्टर म्हणालाच, एवढ्या पैशात असं काम कुणी करत नाही. पण तुला कळलं कसं?”

“खालच्या दातावरून.”

“बादली!” ताई म्हणाली, आणि दोघं हसली. हसता हसता काकांच्या डोळ्यांत पाणी आलं. “माझ्याकडे का नाही आलीस ताई? वर्षभर काय खात होतीस तू?”

“सूप. भिजवलेला पाव. तुझ्याकडे कशी येऊ? दारात मला बघून तुला वाटलं असतं, ही पैसे मागायला आली. आधीच यायचा थांबला होतास. मग फोनही उचलला नसतास.” तिनं डब्याचं झाकण लावलं. “पैसे गेले त्याचं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? माझे कष्टाचे होते. पण रविवारी कान दाराकडे लागायचे, त्याचा त्रास जास्त झाला.”

काका जिना उतरायला लागले तेव्हा ताई म्हणाली, “एखाद्या महिन्यात नाही जमले पैसे, तरी यायचं. समजलं?”

“समजलं,” काका म्हणाले. पण समजणं वेगळं आणि करणं वेगळं.

चार महिने नेमानं पैसे गेले. त्यातूनच ताईनं दाढा सांगितल्या, या वेळी सरळ काकांच्याच लॅबमध्ये, आणि बिल चुकतं केलं. पाचव्या महिन्यात घराचा पाण्याचा पाइप फुटला. भिंत फोडावी लागली, प्लंबरनं खिशाला मोठी चाट दिली, आणि ताईसाठी काही म्हणजे काही उरलं नाही.

त्या रविवारी काका बसच्या थांब्यावर गेले. पहिली बस आली, ते चढले नाहीत. पोट दुखतंय असा फोन करावा, असं त्यांच्या मनात आलं, नंबरही काढला. दुसरी बस आली, तीही गेली. गेल्या वेळी हे असंच सुरू झालं होतं, एका रविवारपासून. मग त्यांनी फोन खिशात टाकला.

ताईनं दार उघडलं. काका उंबऱ्यातच म्हणाले, “ताई, आज काही आणलं नाही.”

“बरं झालं,” ताई म्हणाली. “गरम आहे, बस.”

आणि ते जेवून आले.