बटाट्यांना ऊन दाखवायचं नाही

आमच्या सासूबाईंचा एक कायदा होता: ऊन दाखवल्याशिवाय घरात दाणा भरायचा नाही. ज्वारी असो, तूर असो, तीन दिवस कडक ऊन. शेतात पहिल्यांदा बटाटे निघाले तेव्हा त्यांनाही तोच न्याय. ते हिरवे पडले, कडू झाले आणि उरलेले पोत्यात सडले. महिन्याभराने मला वैरणीच्या गंजीखाली घरंगळलेले पाच-सहा बटाटे सापडले, चांगले टणक. मी मनाशी म्हटलं, पुढच्या साली बघू कोणाचा कायदा चालतो.

पुढचं साल दुष्काळाचं. नवरा ऊसतोडीला साखर कारखान्यावर गेलेला आणि मी म्हशीसाठी मागे. तिचं दूध सोसायटीला जायचं, त्यावरच घर चाललेलं. विहिरीत पाणी जेमतेम, शेतातल्या एका पट्ट्यापुरतं.

"त्या पट्ट्यात म्हशीला मका कर," सासूबाई म्हणाल्या. "बटाटे कावून लावायलीस? परत सडवाया?"

"वैशाखात आखितीच्या सणापर्यंत टिकले तर पट्टा माझा," मी म्हटलं. "सडले तर दरसाल मका. मी तोंड उघडणार न्हाई."

माघात काढणी, त्याआधी पाणी तोडावं लागतं. ते काम विहिरीनंच केलं. मी पाला कापला, बटाटे आठ-दहा दिवस मातीतच राहू दिले आणि अंगठ्यानं साल सुटेना तेव्हा कुदळ घातली. सासूबाई बांधावर उभ्याच होत्या.

"अगं, जरा ऊन तर दाखव!"

"ऊन आपण बघतोय तेवढं बास की," मी म्हटलं आणि बटाट्यांवर गोणपाट टाकलं.

मधल्या खोलीत वाळू पसरली, तिच्यावर बटाट्यांचा एकच थर लावला, वर कडुनिंबाचा पाला. खिडकीला ओलं पोतं. दर चार दिवसांनी मी खाली बसून हुंगत फिरायचे. वास आला की तेवढा एक बटाटा बाहेर. चैतात उकाडा असा वाढला की माझं धाबं दणाणलं. पट्टा जाण्यापेक्षा सासूबाईंचं "म्हटलं नव्हतं?" ऐकायची भीती जास्त.

आखितीला नवरा आला, गल्लीतली बाकीची माणसंही तोडीवरून परतली. सगळ्यांदेखत मी पाला बाजूला सारला. थोडे सुरकुतलेले, दोन-चार मोडावलेले, पण खोलीभर बटाटे! सासूबाईंनी एक उचलला, दाबला, हुंगला, विळीवर दोन फाका केल्या. आतून स्वच्छ. मला छपरावर चढून ओरडावंसं वाटत होतं.

मग त्यांनी टोपलं भरलं आणि निघाल्या. मी मागोमाग. दारोदारी एकच: "सुनेनं ठेवलेत! माघातले हायेत!" शेजारणीनं नीट बघायला एक बटाटा उन्हात धरला, तर सासूबाईंनी तो हिसकावून घेतला आणि टोपल्यावर आपला पदर ओढला.

"उन्हात धरू नको बाई. हिरवे पडत्यात, कडू हुत्यात. एवढं बी कळंना का?"