मोर ऑफन दॅन नॉट, आणि बाबांची होडी

आठवीत आम्हाला इंग्रजी शिकवणाऱ्या बाई कसालहून एसटीने यायच्या. गाडीला उशीर झाला की पहिला तास बुडायचा आणि आम्ही खूश व्हायचो. एकदा बाई धापा टाकत वर्गात आल्या आणि फळ्यावर चार शब्द लिहिले : मोर ऑफन दॅन नॉट. मग वळून विचारलं, "माझी गाडी वेळेवर येते का रे?"

"नेहमी उशिरा!" सगळा वर्ग ओरडला.

"मोजलंत का?"

कुणीच मोजलं नव्हतं. मग महिनाभर आम्ही दाराच्या आतल्या बाजूला खडूने खुणा केल्या. गाडी वेळेवर आली की गोल, उशिरा आली की रेघ. महिना संपला तेव्हा गोल जास्त निघाले. आम्ही खजील, बाई हसतायत. म्हणाल्या, "होण्याच्या वेळा न होण्याच्या वेळांपेक्षा जास्त, एवढाच याचा अर्थ. नेहमी नव्हे. पण माणसाने भरवसा ठेवून घराबाहेर पडावं, इतक्या वेळा. 'ऑलवेज' लिहायच्या आधी गोल मोजायचे."

आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली. इंग्रजी घेऊन बीए झाले ते या बाईंमुळे. पण त्या चार शब्दांचा अर्थ मला खरा कळला तो आमच्या किनाऱ्यावर.

बाबा तेव्हा दुसऱ्याच्या ट्रॉलरवर खलाशी होते. वर्षातले सात-आठ महिने रत्नागिरीच्या बाजूला. मी शेवटच्या वर्षाला असताना त्यांनी जुनी होडी दुरुस्त करून घेतली, इंजिन बसवलं, परवाना काढला आणि पर्यटकांना डॉल्फिन दाखवायला न्यायचं ठरवलं. आईला म्हणाले, "शिमग्यापर्यंत बघूया. जमला तर घराकडे रवतंय. नाय तर परत ट्रॉलर आसाच."

आईने देवासमोर साखर ठेवली. इतक्या वर्षांत ते घरी राहण्याची गोष्ट पहिल्यांदा बोलले होते.

किनाऱ्यावर प्रत्येक होडीजवळ बोर्ड होता आणि प्रत्येकावर लिहिलेलं, डॉल्फिन शंभर टक्के गॅरंटी. मीही तसाच लिहायला घेतला. बाबांनी ब्रश धरला.

"दर्याची गॅरंटी देवक मी कोण गो?"

आमच्याकडे होडी सुटताना आज काय मिळेल हे कुणी बोलत नाही. विचारतही नाही. आई डबा देते आणि म्हणते, "येवा." बाबा म्हणतात, "बघूया." जे पाण्याखाली आहे त्याबद्दल वरून शब्द द्यायचा नाही, ही आमची रीत. मी लहान असताना एकदा विचारलं होतं, बाबा आज सुरमई आणणार ना, तर आजीने माझ्या तोंडावर हात ठेवला होता.

"मग काय लिवू?"

"खरा काय ता लिव."

म्हणून मी आधी पंधरा दिवस भिंतीवरच्या कॅलेंडरवर गोल आणि रेघा मांडल्या. बाबा रोज सकाळी रिकामी होडी घेऊन फिरून यायचे आणि सांगायचे. गोल जास्त झाले. मग मी बोर्डावर इंग्रजीत लिहिलं, डॉल्फिन्स आर सीन, मोर ऑफन दॅन नॉट. खाली मराठीत, बहुतेक वेळा दिसतात. बाबांना इंग्रजी वाचता येत नाही. मी अर्थ सांगितला तेव्हा त्यांनी दोनदा म्हणायला लावला आणि मान हलवली. "ह्या बरा आसा. दर्याक राग येवचो नाय."

दर्याला राग आला नाही, पण गिऱ्हाईकही आलं नाही. शेजारचा होडीवाला रोज चिडवायचा. "काका, तुमच्या बोर्डावर 'नॉट' लिवलासा! वाचून माणसा पळतत!" बाबा हसायचे. आई मात्र हसायची बंद झाली. एका दुपारी बाबा वामकुक्षी घेत असताना मी रंगाचा डबा घेऊन किनाऱ्यावर गेले. दोन्ही ओळी पुसल्या आणि मोठ्या इंग्रजी अक्षरांत गॅरंटी लिहिली. मराठीत काहीच नाही; बाबांनी विचारलं तेव्हा, अक्षरं मोठी केली, अर्थ तोच, असं सांगितलं. बीएच्या शिक्षणाचा मी केलेला हा पहिला उपयोग.

दुसऱ्या दिवसापासून होडी भरू लागली. बाबा खूश, आई खूश. मला जेवण गोड लागेना.

आठवडाभराने एक कुटुंब होडीतून उतरलं ते भांडतच. डॉल्फिन दिसले नव्हते. त्यातले काका बोर्डाकडे बोट दाखवून म्हणाले, "गॅरंटी लिहिता आणि हात वर करता?"

"तसं नाही लिहिलेलं, साहेब," बाबा सरकारी ऑफिसात बोलायच्या त्यांच्या मराठीत शांतपणे म्हणाले. "बहुतेक वेळा, असं लिहिलंय. मुलगी शिकलेली आहे माझी. विचारा तिला."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी मान खाली घातली. बाबांना उत्तर मिळालं.

त्यांनी काकांकडे वळून हात जोडले. "चूक आमची आहे. उद्या सकाळी लवकर या, परत नेतो. पैसे नको. पण दिसतीलच असं उद्याही सांगणार नाही."

घरी येताना वाटेत म्हणाले, "गो, तू लिवतंस ता माका वाचूक येना नाय. म्हणान तुझ्यार सोडलंय." एवढंच. मी वाटेतच रडले. त्यांनी माझ्या हातातला जेवणाचा रिकामा डबा स्वतःकडे घेतला.

संध्याकाळी जुन्या दोन्ही ओळी मी परत लिहिल्या. बाबा शेजारी बसून अक्षरं बघत होते. सकाळी ते कुटुंब आलं. अर्ध्या तासाने डॉल्फिन दिसले, पाच-सहा. काकांनी परत आल्यावर बोर्डावरच्या दोन्ही ओळी वाचल्या. नंतर त्यांच्या ओळखीची माणसं येत राहिली. होडी रोज भरली असं मी लिहिणार नाही.

शिमग्याच्या आधी ट्रॉलरच्या मालकाचा फोन आला. आई चुलीपुढून उठून दाराशी आली. मी आणि ती बाबांच्या तोंडाकडे बघत होतो.

"नाय ओ, येवचंय नाय," बाबा म्हणाले. पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. बाबांनी कॅलेंडरकडे पाहिलं. आता मी त्यावर होडीला गिऱ्हाईक आलेल्या दिवसांचेही गोल काढत होते.

"चलता," ते म्हणाले. "रोज नाय. पण चलता त्येच दिस जास्ती."

आई आत गेली आणि तिने भाकरी उलटली.