पहिला विळा विझोनुओचा

आमच्या शेजारच्या विझोनुओला एका जागी बसलेलं कोणी पाहिलं असेल, तर त्याने मला येऊन सांगावं; धुरी दिलेलं डुकराचं मांस पोटभर वाढीन. चाळिशी उलटली, लग्न केलं नाही, बापाच्या डोंगरउतारावरच्या भातखाचरांत राबत राहिली. गावातल्या बायकांना स्वतःच्या नवऱ्यांची नसेल इतकी तिच्या लग्नाची काळजी. त्यांत मीही आले.

पावसाळ्यात तिचा बाप गेला. आमच्यात बापाची जमीन मुलीला जात नाही. ती गेली त्याच्या पुतण्याला, केविसेला. सुगी तोंडावर आली तशी त्याने निरोप धाडला, उभं पीकही माझंच. तेव्हापासून विझोनुओच्या अंगणात येरझारा. चुलीवरचा गाल्हो, म्हणजे आमची तांदळाची दाट पेज, रोज करपायचा आणि वास माझ्या घरात.

पण एक गोष्ट केविसे विसरला. गावात पहिला विळा ठरलेल्या बाईनेच लावायचा. तिच्याआधी चर्चला जाणारेही कापणीला हात घालत नाहीत. जुनी म्हातारी वारल्यावर पंचांनी तो मान विझोनुओला दिला होता. का, तर ना नवरा, ना पोरं, मोकळीच आहे.

कापणीच्या सकाळी सगळं गाव विळे पाजळून तयार, आणि ही आपल्या दारात बसलेली. चक्क बसलेली! आता येरझारा घालायची पाळी गावाची.

पंचांतले थोरले सेझोकाका आले. "पोरी, भात झडायला लागलंय. ऊठ."

"काका, माझ्या खाचरांचं काय?"

"रीतच आहे ती. आम्ही तरी काय करणार?"

"मग तुम्हीच लावा विळा."

"ते बाईनेच करायचं असतं. रीत आहे."

"बघा. मी तरी काय करणार?"

मला हसू आवरेना. केविसे चिडला. "काकू, तुम्हाला हसायला काय झालं?"

"तुझं भात कसं झडतंय ते बघतेय, बाळा."

उन्हं चढली तसे पंच नरमले. विझोनुओच्या हयातीपर्यंत खाचरं तिची, नंतर केविसेची. ती उठली आणि पहिला विळा थेट बापाच्या खाचरात लावला.

संध्याकाळी पाहते तर अंगणात पुन्हा येरझारा.

"आता गं काय?"

"हयातीपर्यंत म्हणाले, ताई. आता तो माझ्या मरणाची वाट बघत बसणार."

"मग मरू नकोस," मी म्हटलं. "आणि तेवढा तो गाल्हो उतरव."