चेपलेली डबी

मल्लखांबावर किती वेळा पहिला आलो, ते विचारायला अजून लोक येतात. सांगतो. पण पहिल्या बक्षिसाचं विचारलं की मी चहा मागवतो आणि विषय बदलतो. आज बदलत नाही.

वालूरला आमचं किराणा दुकान होतं. घर शिवभक्तांचं. मूल पाळण्यात असतानाच त्याच्या गळ्यात चांदीच्या डबीतलं लिंग बांधायचं, ते मरेपर्यंत अंगावरून उतरायचं नाही. उतरलं तर जीव गेला असं धरा, माय म्हणायची. मला एक मोठा भाऊ होता, दादा. दोघांच्या डब्या एकाच सोनारानं केलेल्या. दादाची तेवढी एका अंगानं चेपलेली, कारण छाती घासत तो खांबावर चढायचा आणि डबी मधे दबायची. छातीवर कायम काळानिळा डाग. मी कुरकुरलो की म्हणायचा, "सोसायचं. पर लिंग न्हाई काढायचं."

खरं सांगतो, तो माझ्याहून लय चांगला होता. मी नुसता चपळ.

निजामाचा अंमल होता. तालमीला इजाजत लागायची, म्हणून आमचा खांब एका मळ्यात पुरलेला. परभणीच्या एका सरकारी जलशात मल्लखांब ठेवला, तेव्हा तालमीचे वस्ताद आम्हा दोघांना जवळच्या सेलू स्टेशनावरून आगगाडीनं घेऊन गेले. पहिला येईल त्याला तिथल्या शाळेत कसरतीच्या मास्तराची नोकरी होती. दादाचा जीव दुकानात रमत नव्हता, त्याला ती हवीच होती. मलाही हवी होती, कबूल करतो.

माझी पाळी आधी होती. ऐन वेळी मी डबी काढली, म्हटलं मधे काही अडायला नको. पण ठेवायची कुठं? भुईवर ठेवता येत नाही, परक्याच्या हाती देता येत नाही. दादा भडकला. "गाढवा, माय चामडी लोळवील तुझी," म्हणाला आणि स्वतःच्याच गळ्यात घातली.

त्या दिवशी खांबावर फिरलो, तसा मी आयुष्यात कधी फिरलो नव्हतो. उतरलो तर लोकांनी खांद्यावर घेतलं, गळ्यात हार पडले आणि डबी मागायची राहून गेली. तेवढ्यात दादाचा पुकारा झाला. तो माझ्याकडं बघत थांबला होता. मला दिसलं होतं, तरी मी खांद्यावरून उतरलो नाही. मग तो तसाच गेला.

दोन डब्या एकमेकींवर आपटत होत्या. कट्, कट्. तो आवाज अजून माझ्या कानात होतो, भर दुपारी, माणसांत बसलेलो असताना. खांबाच्या टोकाला गोळा असतो, बोंड म्हणतात त्याला. तिथं उलटा होताना एका डबीचा दोरा बोंडात अडकला आणि दादा मानेवर आला.

गर्दीत घुसून मी पहिलं काय केलं? हाताला लागली ती डबी ओढून गळ्यात घातली. भाऊ पडलेला आणि मला मायची भीती. थू माझ्या जिंदगानीवर.

दुसऱ्या दिवशी पूजेला बसलो, तर हातात चेपलेली डबी.

दादा अकरा दिवस जगला. मानेखाली काही हलत नव्हतं. सकाळी माय त्याचा हात धरून तळहातावर लिंग ठेवायची, पाणी घालायची, बेल वाहायची. ते लिंग माझं होतं. दादा माझ्याकडं बघत राहायचा. मी डबी काढली होती, एवढं मायला सांगितलं असतं तर अदलाबदल झाली असती. एकदा ती पाणी आणायला गेली तेव्हा तो हळूच म्हणाला, "माझं मला दे रे."

"उद्या देतो, दादा," मी म्हणालो.

उद्या तो नव्हता. आमच्यात माणूस जाळत नाहीत, बसवून पुरतात, डाव्या हातावर त्याचं लिंग ठेवून. स्वामींनी ठेवलं. मी कडेला उभा होतो, दादाचं लिंग माझ्या गळ्यात.

नोकरी मला मिळाली. पुढं कितीतरी खांब चढलो, पण डबी काढली नाही. माझ्याही छातीवर डाग पडला.

माय पुष्कळ वर्षं जगली. सकाळी मला पूजेला बसलेलं बघून म्हणायची, "नेमानं करायलास बाबा. तुझ्या दादाचा जीव निवत असंल." मी मान खाली घालून दादाच्या लिंगावर पाणी घालत राहायचो.