चैत्याचा प्रवेश

यमुनाबाई मूळच्या उंबरगावच्या, घरी गुजराती बोलणाऱ्या. लग्नानंतर डहाणूला आल्या, शाळेत शिकवू लागल्या आणि मराठीतून नाटकं लिहू लागल्या. जमीनमालकांच्या वेठीविरुद्ध १९४५ साली वारली आदिवासींनी केलेल्या उठावाने त्यांना झपाटलं होतं. सुट्टी लागली की पाड्यावर जाऊन त्या म्हाताऱ्यांपाशी बसत.

१९८७ साली त्यांच्या उठावावरच्या नाटकाचा पहिला प्रयोग झरी गावात ठरला. त्यात मालकाचा मुकादम चैत्या होता. त्यानेच पोलिसांना उठावाच्या पुढाऱ्यांची नावं दिली, असं सगळे सांगत.

आदल्या दिवशी चैत्याचा मुलगा शुक्रा तालमीला आला. बापाने नावं सांगितली, हे त्याने नाकारलं नाही. "पण तेव्हा मला मालकाच्या खळ्यावर बांधून ठेवलं होतं," तो म्हणाला. "मी लहान होतो. तेवढं दाखवा, नाहीतर नाटकातून बापाचं नाव गाळा."

चैत्याचं काम करणाऱ्या देवजीचा आजा त्याच धरपकडीत मारला गेला होता. हे दाखवणार असाल तर मी उभा राहणार नाही, असं त्याने बजावलं.

बाई तानीकडे गेल्या. तिचा नवरा लडक्या त्या नावांपैकी एक, तुरुंगातून परतलाच नव्हता. खळ्यावर पोर होतं का, असं त्यांनी विचारलं. तानीने भात पाखडायचं सूप खाली ठेवलं.

"रडणं ऐकलं होतं मी," ती म्हणाली. "पण ते कबूल केलं असतं तर राग कोणावर धरला असता?"

बाईंनी प्रवेश नव्याने लिहिला. तानीचं बोलणं कळल्यावर देवजी कसाबसा तयार झाला.

दुसऱ्या दिवशी, उन्हं कलल्यावर प्रयोग सुरू झाला. मंचावर पोराला बांधलं, तसे मागचे पुरुष उठले. खोटं आहे, बंद करा, असा गलका झाला. एक दगड मंचावर येऊन पडला. देवजी संवाद अर्धा सोडून मागे सरला. खेळ थांबवावा, असं पडद्याआड बाईंच्या मनात आलंही.

तेवढ्यात तानी गर्दीतून वाट काढत पुढे आली आणि मंचाला लागून बसली.

"बोल," ती देवजीला म्हणाली. "नावं घे."

त्याने घेतली. लडक्याचं नाव आलं तेव्हा तिने मान खाली घातली, पण जागची हलली नाही. निम्मे लोक निघून गेले. उरलेल्यांनी शेवटापर्यंत पाहिलं.

तलासरीला ठरलेला पुढचा प्रयोग मात्र रद्द झाला. बाईंनी पुढे याच उठावावर कादंबरी लिहिली. ती पुरी व्हायला सात वर्षं लागली. प्रयोगानंतरच्या वैशाखात शुक्राच्या मुलीच्या लग्नाला तानी गेली, पंगतीत जेवली. देवजीच्या घरचं कोणी गेलं नाही.