नानांची सही

आमच्या गल्लीतले नाना गोष्टी लिहितात आणि संध्याकाळी म्हाताऱ्या बायांना अक्षरं शिकवतात. मूळचे धुळ्याकडचे, त्यामुळे जळगावात इतकी वर्षं काढूनही तोंडात अहिराणीच. बँकेत एखादी अक्का शाईत अंगठा बुडवायला निघाली की नाना तिचं मनगट धरणार. "अंगठा नही, अक्का. सही कर!" मग अक्का जीभ दातांत धरून एकेक अक्षर काढणार आणि मागे आमची रांग खोळंबणार. मी कितीदा तरी वैतागलोय.

परवा नानांच्या पुस्तकाचं प्रकाशन होतं. पाहुणे मंचावर, पण लेखकाचा पत्ता नाही. सभागृहाच्या मागच्या अंगणात गेलो, तर नाना कापसाच्या काड्यांवर भाजलेली वांगी सोलत बसलेले.

"नाना, लोक थांबलेत!"

"पुस्तक थंड व्हत नही. भरीत व्हस."

तसंच ओढत नेलं त्यांना. पाहुण्यांनी पहिली प्रत नानांच्या वर्गातल्या सर्वांत थोरल्या अक्कांना दिली. अक्कांनी पान उघडून सही मागितली. नानांनी काजळीने माखलेले हात दाखवले आणि हसत अंगठा पुढे केला.

अक्कांनी मनगट धरलं. पदराने त्यांची बोटं पुसली.

"अंगठा नही, नाना. सही करा!"

सभागृह हसत होतं. नाना मुकाट्याने सही करत होते, जीभ दातांत धरून.