सगळ्यांचा नंबर एक

आईच्या उजव्या डोळ्याचा पडदा मधुमेहाने पोखरला होता. डाव्या डोळ्याने तिला कसंबसं दिसायचं. नेहमीच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की पडद्याच्या डॉक्टरांना दाखवून लवकर इंजेक्शन सुरू करा, नाहीतर उजवा डोळा जाईल. हे पडद्याचे डॉक्टर नागपूरहून महिन्यातल्या एका रविवारी आमच्या छत्तीसगढी शहरात, समता कॉलनीतल्या एका दवाखान्यात यायचे. मोजकेच पेशंट तपासायचे आणि दुपारच्या गाडीने परत जायचे.

तिथे नंबर लावायची पद्धत अशी होती की पहाटे यायचं, दारासमोर आपली चप्पल, पिशवी, पाण्याची बाटली, जे असेल ते ओळीत ठेवायचं आणि समोर चहा प्यायला जायचं. ओळ चपलांची. आईची चप्पल दोनदा कुणीतरी मागे सरकवली आणि तिचा नंबर लागलाच नाही. आपली चप्पल आता कुठे आहे, हे तिला दिसतच नव्हतं, मग भांडणार कशाच्या जोरावर? डोळ्यांच्या दवाखान्यात ज्याला नीट दिसतं त्याचाच नंबर पहिला लागतो, हे पाहून माझं डोकं फिरलं.

माझी कंत्राटी नोकरी तेव्हा नुकतीच सुटली होती. घरी बसून मी हिंदी व्हिडिओ पाहून वेबसाइट बनवायला शिकत होते. त्याच रागात दवाखान्याच्या मालकीण डॉक्टरांकडे गेले आणि म्हटलं, मॅडम, घरबसल्या नंबर लावता येईल अशी वेबसाइट मी बनवून देते. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "बना लो. चली तो इस बार उसी से नंबर देंगे."

घरच्या जुन्या लॅपटॉपवर सगळं छान चालायचं. नाव टाका, मोबाइल नंबर टाका, बटन दाबा की क्रमांक हजर. पण लॅपटॉपवर चालणारी वेबसाइट लॅपटॉपपुरतीच असते. जगाला दिसायची तर होस्टिंग घ्यावं लागतं, म्हणजे कुठल्यातरी कंपनीच्या मशीनवर भाड्याने जागा. तिथे भाडेकरू शेकडो आणि मालक एकाचंही तोंड पाहत नाही. मी वर्षाचं भाडं भरलं, सगळ्या फायली तिकडे चढवल्या, पत्ता टाइप केला आणि समोर पांढरं पान आलं.

निव्वळ पांढरं. चूक झाली असंही ते सांगत नव्हतं. मी फायली पुसल्या, परत चढवल्या, पासवर्ड बदलले, फोल्डर बदलले. पान पांढरंच. कंपनीच्या चॅटवर मदत मागितली तर तिकडचा माणूस दर वाक्याला मला मॅम म्हणून खेद व्यक्त करायचा आणि शेवटी म्हणायचा, आमच्या बाजूने सगळं ठीक आहे. त्यांच्या बाजूने ठीक, घरच्या लॅपटॉपवर ठीक, मग बिघडलंय ते माझ्यातच, असं मला वाटायला लागलं. रविवार जवळ येत होता. एका दुपारी पोळ्या लाटता लाटता मला रडू फुटलं. आईला माझा चेहरा दिसत नव्हता, पण लाटणं थांबलेलं तिला ऐकू आलं.

"काहून रडून राहिली वो पोट्टे?"

"चालून नाही राहिलं माझं."

"मंग उद्या चालन," ती म्हणाली. जणू बंद पडलेल्या मिक्सरबद्दल बोलत होती. मला तिचा इतका राग आला की मी तव्यावरची पोळी करपू दिली.

चूक सापडली तेव्हा हसावं की कपाळ बडवून घ्यावं तेच कळेना. माझा कोड प्रोग्रामिंगच्या भाषेच्या नव्या आवृत्तीत लिहिलेला होता आणि भाड्याच्या मशीनवर त्या भाषेची जुनी आवृत्ती लावलेली होती. होस्टिंगच्या पॅनेलमध्ये ती फक्त बदलून निवडायची होती. निवडली आणि पान उघडलं. मी ओरडलेच. बाबा अंगणातून धावत आले, त्यांना वाटलं मला शॉक लागला.

बाबा रेल्वेतून रिटायर झालेले. गुढियारीतल्या आमच्या गल्लीत त्यांचा फोन म्हणजे सार्वजनिक मालमत्ता. म्हाताऱ्या माणसांकडे बटनांचे फोन, आणि ज्यांच्याकडे चांगले फोन आहेत ती पोरं दिवसभर बीरगावला कारखान्यात. त्यामुळे गॅसचा नंबर लावायचा, वीजबिल भरायचं, पेन्शनचं काही पाहायचं, सगळं बाबांच्या फोनवरून. मी याच घरात वाढले, हे रोज पाहिलं. तरीसुद्धा वेबसाइट बनवताना मी व्हिडिओतल्यासारखं ठरवलं की एक माणूस, एक मोबाइल. त्याच मोबाइल नंबरवरून पुन्हा नोंद आली तर ती दुरुस्ती समजायची, जुनं नाव पुसून नवं बसवायचं, क्रमांक तोच ठेवायचा. लोक घाईत नाव चुकवतात, त्यांची सोय. मला ती फार हुशारीची गोष्ट वाटली होती.

नंबर लावणं सुरू झालं तेव्हा पहिली नोंद बाबांनीच केली. आईचं नाव आणि आपला मोबाइल टाकून बटन दाबलं. नंबर एक. त्यांनी फोन आईच्या चेहऱ्याजवळ धरला. तिने मान तिरकी करून डाव्या डोळ्याने तो आकडा पाहिला आणि मग माझ्या डोक्यावरून हात फिरवला. त्या दुपारी मी खूप दिवसांनी गाढ झोपले. रविवारच्या आधी दवाखान्यात यादी पोहोचली, सगळे क्रमांक भरले, असा मेसेजही आला. मी त्यावरच खूश होते.

रविवारी बाबा इस्त्रीचा शर्ट घालून निघाले. दवाखान्याच्या दारात एकही चप्पल नव्हती. आत गेलो तर आमच्याच गल्लीतली चार-पाच म्हातारी माणसं बाकांवर बसलेली, सगळी आनंदात. मागच्या घरातल्या छत्तीसगढी काकी मला जवळ बोलावून म्हणाल्या, "मोर एक नंबर हे, नोनी." शेजारचे आजोबा म्हणाले, "आमचाबी एकच."

मी बाबांकडे पाहिलं. ते माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "मी कोणालेच काही बोललो नाही. तू आपल्या पाऱ्यातल्या, गल्लीतल्या साऱ्यायले पहिला नंबर देऊन राहिली, मले समजलं. चांगलं केलं."

मी धावत जाऊन काउंटरवरची यादी पाहिली. बाबांनी आईनंतर गल्लीतल्या एकेकाचं नाव आपल्याच फोनवरून लावलं होतं. माझ्या वेबसाइटने प्रत्येक वेळी ती दुरुस्ती समजून आधीचं नाव पुसलं होतं आणि प्रत्येकाला तोच क्रमांक दिला होता. पहिलं पुसलं गेलं ते आईचं. आमच्या गल्लीतून यादीत उरल्या फक्त काकी, कारण त्यांचं नाव शेवटी लावलं होतं.

काउंटरवरच्या मुलीला मी समजावून सांगू लागले. ती म्हणाली, "दीदी, लिस्ट में जिसका नाम है, वही जाएगा." मी मालकीण डॉक्टरांच्या खोलीत शिरले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "सिस्टम तो आप ही का है ना?" शेवटी वेळ उरला तर पाहू, म्हणाल्या. मी त्यांच्या टेबलाला धरून उभी होते. त्यांनी पुढची फाइल उघडली.

बाहेर एक नंबरचा पुकारा झाला होता. काकी उठल्या नव्हत्या. एवढा वेळ काय चाललंय ते त्यांना उमगलं असावं. "तोर दाई ला भेज दे," त्या मला म्हणाल्या. मी आईचा दंड धरून तिला उठवायला गेले, तर ती बाकाला घट्ट धरून बसली.

"तिचे तं दोनी डोये जाऊन राहिले. जाऊ दे तिले. मले एकानं दिसते."

"आई, ऊठ ना!" मी सगळ्यांसमोर ओरडले.

"शेवटी पायतो म्हणे ना ते? बसू आपण."

काकी आत गेल्या. आम्ही बसून राहिलो. दुपारी नागपूरचे डॉक्टर बॅग घेऊन आमच्या समोरून गेले. मी मागे धावले, तर ते घड्याळ दाखवून रिक्षात बसले. गल्लीतली बाकीची माणसं मुकाट्याने घरी निघाली. कुणी शिवी दिली असती तर बरं झालं असतं. बाबा आठवडाभर कुणाचा गॅस लावेनात.

घरी येऊन मी ती चूक दुरुस्त केली. एक ओळ काढून टाकायची होती, बस्स. चहा उकळायच्या आत झालं. त्याचीच मला अजून चीड येते. मोठ्या सरकारी दवाखान्यात गेलो तर त्याहून लांबची तारीख मिळाली. नागपूरला नेते म्हटलं तर आई म्हणाली, महिन्याभरात ते इथंच येते ना, कायले दगदग. मी रोज तिच्या डोळ्यांकडे पाहायचे. ती मला रोज सांगायची की बरं दिसते. मी विश्वास ठेवत होते, कारण दुसरं काही करणं माझ्या हातात नव्हतं.

पुढच्या महिन्यात वेबसाइट नीट चालली. आईचं नाव यादीत होतं. मी तिला धरून आत नेलं आणि तिच्या मागे उभी राहिले. डॉक्टरांनी तिला खुर्चीत बसवलं, तिचा डावा डोळा तळहाताने झाकला आणि हिंदीत विचारलं, "अम्मा, कितनी उंगली?"

"दोन," आई लगेच म्हणाली, आणि मला ऐकू जावं म्हणून पुन्हा मोठ्याने म्हणाली, "दोन दिसते."

डॉक्टरांनी अजून दुसरा हात वर केलाच नव्हता.